तिसऱ्या तारेखालचं हाड

दि. २ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा काय म्हणतो? माझं दुखणं तिसऱ्या तारेत आहे, म्हणून हे पत्र. बाबांनी बनवलेली आणि तू मला बाराव्या वर्षी दिलेली गिटार घरात वाजवली तर सहाही तारा गुण्यागोविंदाने नांदतात. पण तारांचा आवाज स्पीकरपर्यंत न्यायला मागच्या वर्षी बसवून घेतलेल्या पिकअपची वायर जोडली, की तिसरी तार तोंडात मिठाची गुळणी धरून बसते.

गेल्या कार्यक्रमात माझ्या एकटीचा तुकडा होता, नि त्यातले मधले सूरच गायब. आमच्या ड्रमवाल्याने सांगून टाकलंय की एकवीस तारखेला पुन्हा असं झालं तर माझ्या जागी कीबोर्ड येईल. कीबोर्ड त्याचा मेव्हणाच वाजवतो, तेव्हा धमकी पोकळ नाही.

साउंडवाला म्हणतो, दोष सॅडलचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या हाडाच्या पट्टीचा. पिकअप बरोबर तिच्याखाली आहे. बाबांना विचारलं तर हाडाच्या स्तुतीचं चार पानी पत्र आलं. माझ्या पदवीच्या निकालावर त्यांनी दीड ओळ लिहिली होती. हाड ठेवायचं की कृत्रिम पट्टी बसवायची, ते तूच ठरव. गिटार कुरिअरने तुझ्या दुरुस्तीच्या दुकानात पाठवते आहे.

लोभ आहेच, त्यात माझ्या तक्रारींना थोडी जागा ठेवावी.

तुझी,
टकळी


दि. ५ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

गिटार ताईकडे पाठवलीस हे कळलं. घाई केलीस. आधी बॅटरी बघायची, मग वायर, मग स्पीकर, मग त्या ड्रमवाल्याचे कान. सॅडलला हात लावायचं काही कारण नाही. हाड ते हाड. बाकीच्या पट्ट्या म्हणजे प्लास्टिकच्या बादलीची भावंडं. ते हाड मी तीन दिवस खपून घासलेलं आहे.

ताईला कळव, पट्टी काढू नको म्हणावं. काढलीच तर बघत न बसता कागदात गुंडाळून थेट माझ्याकडे पाठव. हाडाला उजेड सोसत नाही.

आमचं दोघांचं तुला माहीतच आहे. पत्रातून खुशाली, जाणं-येणं नाही. एकोणीस वर्षं सुरळीत चाललंय, त्यात तुझी तार मध्ये नको.

जेवणाच्या वेळा पाळ. माया आहे, ती वेगळी काय लिहायची.

तुझे,
बाबा


दि. ११ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांचा निरोप पोचला. हाडाला उजेड सोसत नाही हे मी चाळीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून आधी दिवा लावला आणि मगच पट्टी काढली.

आता नीट ऐक. हाड जनावराचं, त्यामुळे कुठे घट्ट, कुठे भुसभुशीत. पिकअप नसलेल्या गिटारला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण पिकअपला कळतो तो वरून येणारा दाब. पट्टी जिथे मऊ, किंवा तळाशी नीट टेकलेली नाही, तिथली तार त्याला ऐकूच येत नाही. कृत्रिम पट्टी इथून तिथून सारखी, म्हणून सहाही तारांना सारखा न्याय. गोडवा थोडा कमी होतो, ते खरं. मी पितळही लावून पाहिलं, पण भांडी पडल्यासारखं वाजलं.

तुझं हाड मात्र अस्सल निघालं. खोट तळाला आहे. तिथे टोकदार हत्याराने बारीक अक्षरं कोरली आहेत आणि शेवटच्या अक्षराला, बरोब्बर तिसऱ्या तारेखाली, हात घसरून खड्डा पडलाय. पिकअप बसवणाऱ्याने ती अक्षरं वाचली असणार. खाली पिकअप आला की उंची कमी करायला पट्टी खालून घासतात, याने अक्षरं वाचवायला वरून घासली आहे. माणूस भला, कारागीर नव्हे.

आमच्या वडिलांचं वाद्यांचं दुकान सोडून मी इकडे आले, तेव्हा तुझे बाबा चारचौघांत म्हणाले होते की तुझ्यावाचून इथे काही अडत नाही. सहा महिन्यांनी ही गिटार आली. सोबत चिठ्ठी नाही. मला वाटलं, हा मला मिजास दाखवतोय. रागाने मी ती वाजवलीच नाही, पुढे तुला देऊन टाकली. आज कळलं, तळावर त्याने लिहिलंय : ताई, अडतंय.

अर्धा मिलिमीटर खालून घासलं असतं, तर हाडही राहिलं असतं आणि तारही बोलली असती. मला ते जमलं नाही. कृत्रिम पट्टी बसवून गिटार परत पाठवली आहे. बाबांना एवढ्यात काही बोलू नकोस. सकाळपासून तीनदा डोळे पुसले, नि गिऱ्हाइकाला सांगितलं की भुसा गेला.

माझा जीव तुमच्यात आहे, एवढं कळावं.

तुझी,
आत्या


दि. २२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तिसरी तार बोलली, आणि अशी बोलली की ड्रमवाल्याचा मेव्हणा चहा प्यायला बाहेर निघून गेला. माझी जागा शाबूत आहे.

बाबा न कळवता आले होते, पहिल्याच रांगेत. कार्यक्रम संपल्यावर शेजारच्या अनोळखी माणसाला अर्धा तास समजावत होते, की ही सगळी हाडाची करामत, प्लास्टिकला हे सात जन्मांत जमायचं नाही. मग मला बाजूला घेऊन विचारलं, ताईने पट्टी काढली तर नाही ना. मी गप्प राहिले. मला टकळी म्हणणाऱ्यांनी याची दखल घ्यावी.

जाताना म्हणाले, दुकानात हल्ली वाद्यं येत नाहीत, खुर्च्यांचे पाय जोडायला येतात. ते हसत म्हणाले, पण मला बरं नाही वाटलं.

अशीच सांभाळून घे.

तुझी,
टकळी


दि. २४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

एकवीस तारखेला ज्या आवाजाची तू एवढी वाहवा केलीस, तो कृत्रिम पट्टीचा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुला फार चढून बसता येणार नाही.

तुझं हाड माझ्या खणात आहे, कापसात, तळ वर करून. गिटार आली तेव्हा पेटी उघडून मी जोडकाम बघितलं होतं. पट्टी इतकी बेमालूम बसली होती की उचलून बघावंसं वाटलं नाही. ही दुरुस्तीवाली, कधीतरी काढेलच, असं तू धरून चाललास. आणि चांगल्या कामाला उगाच हात लावू नये, हे तुला शिकवलं होतं मीच. त्यात एकोणीस वर्षं गेली. चिठ्ठी कागदावर लिहितात, गाढवा.

मलाही इथे अडत होतं. मी तर कुठेच लिहिलं नाही.

रविवारी सकाळी येते, माझी हत्यारं घेऊन. लोभ असावा असं दर पत्रात नुसतं लिहीत आले, या वेळी मागायला स्वतः येते आहे.

काय काय अडलंय, ते टेबलावर मांडून ठेव.

तुझी,
ताई