जागेवर नसलेल्या काकांची शिकवणी

तीर्थरूप ताई,

तुझ्या पायांवर धाकट्याचं डोकं (रिकामं असलं तरी जड आहे, सांभाळ). तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला, आईचे डोळे, आणि बाळीचा तो पडू पडू म्हणणारा दात? इकडे मी मजेत आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, खरं काय ते खाली येईलच. दाजींना मात्र आधी एवढं वाचून दाखव की मी अजून त्याच नोकरीत आहे. ह्या खेपेलाही पळून आलास तर दार उघडणार नाही, असं ते म्हणाले होते ना? पळणं लांबच राहिलं ताई, आता मला नुसतं उठायची चोरी झाली आहे.

झालं असं की आमच्या गोदामात खोकी उचलणारं यंत्र आलं (ते तंबाखू खात नाही, सुट्टी मागत नाही, मुकादमाचं त्याच्यावर फार प्रेम आहे) आणि आम्हां हमालांना घरी धाडायचं ठरलं. पण मी ड्रायव्हर लोकांना बोलण्यात कसा गुंडाळतो हे मुकादमाने साहेबांच्या कानावर घातलं होतं. साहेब म्हणाले, वर ऑफिसात एक जागा फार दिवस रिकामी आहे, ह्याला कामाची पत्रं लिहायला आणि चारचौघांपुढे उभं राहून बोलायला शिकवा, जमलं तर कायम करू, नाही तर गाडीभाडं देऊन मोकळा करू. आता सातवीत मास्तरांनी मला आणि मी मास्तरांना सोडलं, ते पुन्हा वर्गात बसायची वेळ येईल असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

शिकवायला एक मॅडम आहेत. इस्त्रीसकट जन्मल्यासारख्या दिसतात. त्यांचा पहिला नियम असा की पत्रात प्रकृतीची चौकशी करायची नाही, पहिल्याच ओळीत कामाचं बोलायचं. दुसरा असा की चुकीच्या ठिकाणी ‘मी’ म्हणायचं नाही. मी लिहिलं होतं, माझ्या हातून खोकी फुटली. मॅडमनी ते खोडून लिहिलं, खोकी फुटल्याचे निदर्शनास आले आहे. आमच्या ऑफिसात कुणीच काही करत नाही ताई, सगळं आपोआप होतं. खोकी फुटतात, दिवे चालू राहतात, कागद हलवले जातात. आपल्याकडे असलं घर कुणी भाड्यानेसुद्धा घेणार नाही, इथे त्याला कामकाज म्हणतात.

तर सराव म्हणून रोज एक मेल लिहून खरोखर पाठवायचा असतो, म्हणजे बटण दाबायची भीती मोडते. तो पाठवायचा ‘काकां’ना. काका म्हणजे त्या रिकाम्या जागेवरचे जुने कारकून. त्यांचा पत्ता बंद करायचा राहून गेला आहे, वाचणारं कुणी नाही, म्हणून ऑफिसात नव्याने आलेला प्रत्येक जण सराव त्यांच्यावरच करतो. आणि प्रत्येकाला लगेच एकच ठरलेलं उत्तर येतं: मी सध्या जागेवर नाही, परत आल्यावर कळवीन. (कुणी उसनं मागायला आलं की दाजी आतल्या खोलीतून ‘घरी नाहीत’ म्हणून सांगायला लावतात, तसं.) यंत्र ते आपोआप पाठवतं म्हणे.

मला काही कामाचं सुचेना. मॅडम चहाला गेल्या होत्या, म्हणून मी सरळ आपल्या घरच्या पद्धतीने लिहिलं. काका, साष्टांग नमस्कार. तब्येत कशी आहे? बरेच दिवस जागेवर नाही असं ऐकलं. जेवलात का? आणि बटण दाबलं. ठरलेलं उत्तर लगेच आलं. मग थोड्या वेळाने दुसरं आलं. त्यात एकच ओळ होती: नाही रे बाळा, इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही.

मला वाटलं, ऑफिसातली पोरं चेष्टा करताहेत. शिपायाला विचारलं, तर तो हातातला कप खाली ठेवून म्हणाला, “काका? ते जेवायच्या सुट्टीत गेले. जागेवरच. डबा समोर होता, झाकणसुद्धा काढलं नव्हतं.” का काढलं नाही, तर आपल्या जागेवर दुसरं कुणी बसल्याशिवाय जेवायला उठायचं नाही असा काकांचा नेम होता, आणि त्या दुपारी कुणी आलंच नाही. तो डबा अजून त्यांच्या खणात आहे. मी उचलून पाहिला. भरलेला होता. वास मात्र कसलाच नव्हता, ते मला वासापेक्षा वाईट वाटलं.

आता तू म्हणशील, तिथेच हात जोडून निघायचं होतंस. पण ताई, माणूस इतकं चांगलं शिकवत होता! माझं भाषण ठरलं होतं गोदामातल्या तुटफुटीवर, भिंतीवर स्लाइड दाखवत करायचं. सरावासाठी मला एका खोलीत रिकाम्या खुर्च्यांसमोर उभं करून मॅडम निघून जायच्या. मी खुर्च्यांना नमस्कार करून सुरुवात करायचो (त्या मॅडमपेक्षा लक्ष देऊन ऐकतात). संपवून मेल उघडला की काकांचं आलेलं असे. तिसरी स्लाइड काढ, तिथे साहेबाला झोप येते. फार भराभर बोलतोस. खिशातला हात काढ. हे वाचेपर्यंत हात खिशातच असायचा. आणि मागच्या रांगेतली एक खुर्ची मी रोज सरळ लावून जायचो, ती दुसऱ्या दिवशी एक रांग पुढे आलेली असे. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येत असेल.

शेवटी खऱ्या भाषणाचा दिवस आला. साहेब लोक बसले, पण पुढची मधली खुर्ची कुणी घेतली नाही. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी तिच्याकडे बघून बोललो. ताई, मी असा बोललो की मला स्वतःलाच ओळखू येईना. नको तिथे ‘मी’ आला नाही, साहेब झोपले नाहीत, मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं (निदर्शनास आले). टाळ्या वाजल्या, मला कायम करून ती जागा दिली. मी खुर्चीत टेकलो न टेकलो तोच काकांचा मेल: बरं झालं तू आलास. आता तू बस, मी जेवून येतो.

खण उघडला. डबा घासून, पुसून, पालथा घातलेला होता.

तेव्हापासून काका आले नाहीत. मी बसलेलाच आहे. घरी जायला निघतो, पण अर्ध्या जिन्यात एखाद्या मेलला उत्तर द्यायचं राहिलं असं आठवतं आणि पाय मागे फिरतात. आई ज्यांना भिंगरी लागली म्हणायची तेच हे पाय. काल जोर करून जेवायच्या खोलीपर्यंत पोचलो, तर वाढणारा म्हणाला, “तुम्ही इथे कसे? आत्ता तर जागेवर टाइप करताना बघितलं!” परत जाऊन पाहिलं. खुर्ची कोमट होती, आणि माझ्या नावाने सगळ्यांना उत्तर गेलेलं होतं, की मी सध्या जागेवर नाही.

असो. पगार वाढला आहे, पंखा डोक्यावर आहे, काळजी नसावी. आईला नमस्कार, बाळीला दातासाठी शाबासकी, दाजींना लांबूनच रामराम.

तुझाच (बहुतेक),
धाकटा

ता. क. आपले धाकटे दीर सध्या घरीच असल्याचे समजते. इकडे एक जागा लवकरच रिकामी करण्यात येत आहे. शिक्षणाची अट नाही, बसता येणे आवश्यक. त्यांना त्वरित पाठवण्यात यावे. डब्याची सोय आहे.

ता. क. दुसरा. ताई, वरचं मी लिहिलेलं नाही. मी पाणी प्यायला उठलो होतो, पत्र ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तसंच उघडं होतं. दोनदा पुसलं, पुन्हा उमटलं, म्हणून आता ठेवूनच छापतो. (तुला मी जन्मात कधी ‘आपले’ म्हटलंय का?) दिराला पाठवू नकोस, कितीही ऐतखाऊ असला तरी. तू फक्त जेवायच्या सुट्टीत इथे फोन कर. उचलणारा ‘बोला’ म्हणाला तर ठेवून दे आणि पुन्हा कर. ‘काय गं’ म्हणाला तर तो मी. मग काही विचारू नकोस, लहानपणी पाटावरून कान धरून उठवायचीस तशी ओरड, जेवायला ये म्हणून. मी चप्पल न घालता निघेन. आणि दाजींना सांग, दार उघडं ठेवा.