पाहुणचारात गेलेली मेघाची जागा

मी, ताईबाई रुपचंद पाटील, वय बहात्तर, राहणार सावखेडे, ता. एरंडोल, पूर्ण शुद्धीवर आहे, कुणाच्या दबावाखाली नाही आणि घरच्यांना पुरती वैतागलेली आहे. अशा अवस्थेत हे मृत्युपत्र करते.

१. शिलाई मशीन सून दिपमाला हिला. "थाट नको" हे तिचं म्हणणं नवऱ्याने ऐकलं असतं तर पुढचं कलम लिहावंच लागलं नसतं.

२. कपाशीचं शेत मुलगा नवल याला. सोबत हे बोलणंही त्यालाच. जळगावचं एक इंजिनीअरिंग कॉलेज खेड्यातल्या, बेताच्या परिस्थितीच्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलींना विज्ञान शिकवतं आणि पुढे बिनफीचा प्रवेश देतं. माझी नात मेघा तिन्ही अटींत बसत होती. गेल्या वर्षी चौकशीला कॉलेजच्या बाई आल्या, तर नवलने मुलगी बघायला पाहुणे आल्यासारखा थाट केला. दारात शेजारच्या झुलालची मोटार, घरात त्याचाच सोफा, ताटात वरण-बट्टी. बाईंनी विचारलं, घरात शिकलेलं कोण? हा छाती काढून म्हणाला, "आमना घरमा बठ्ठा शिकेल शेतस!" सगळे कसले शिकलेले, आमच्यात दहावीपुढे कुणी गेलेलं नाही. बाई पोटभर जेवल्या आणि मेघा अपात्र ठरली. मी झापलं तर म्हणतो, "माय, चार लोकस्मा इज्जत नको का?" पोरगी महिनाभर पुस्तकाला शिवली नाही. मला ते बघवत नव्हतं.

३. यंदा तिची शेवटची संधी आहे. चौकशीला येणाऱ्यांना फक्त चहा द्यावा. बोलेल ती दिपमाला. नवलने शेतात जावं. झुलालने त्या दिवशी मोटार एरंडोलला न्यावी. तसं कबूल करूनच तो खाली सही करतो आहे.

४. राहतं घर मेघाला. उद्या सासरी किंवा माहेरी कुणी तिला "निघ" म्हणू नये, एवढीच माझी इच्छा. हे लिहून होतं न होतं तोच वकील ज्ञानेश्वरभाऊ म्हणाले, "अक्का, मुलीच्या नावावर घर असलं तर कॉलेजच्या नियमात बसत नाही. तुम्ही प्रवेशाआधीच गेलात तर घर तिचं होईल आणि पोरगी पुन्हा अपात्र." मी कपाळावर हात मारला. आता घर द्यावं तरी पंचाईत, न द्यावं तरी पंचाईत!

तरीही घर तिलाच. या कलमात काडीचा बदल होणार नाही. मेघाचा प्रवेश पक्का होईपर्यंत मी मरणार नाही. नवलने माझ्या बीपीच्या गोळ्या वेळेवर आणाव्यात.

सही : ताईबाई रुपचंद पाटील
साक्षीदार : १) झुलाल भिका पाटील २) ज्ञानेश्वर दगा महाजन, वकील
ठिकाण : एरंडोल
दिनांक : १६ जून २०२५