बारीक भुशाचं पोतं

बाबा, तुमच्या नातीनं घरात दोन गिनीपिग आणलेत. तुम्ही असतात तर चपला काढायच्या आधीच पिंजऱ्याशी गेला असतात आणि खालचं अंथरूण चिमटीत धरून बघितलं असतं. आज रविवार, दुपारचे तीन वाजलेत. हे लिहायला बसल्यापासून मी चारदा उठून हॉलमध्ये जाऊन आलेय. दोघांतला पांढरा शिंकतोय का ते ऐकायला. आता गप्प आहे. गप्प असला की झोपलाय म्हणून, की दम लागलाय म्हणून, ते कळत नाही आणि मी पुन्हा उठते. तुम्हाला नुसत्या आवाजावरून कळायचं. कॉलेजात प्रयोगांसाठी गिनीपिग ठेवायचे, त्या खोलीत तुमची सगळी नोकरी झाली. दार उघडल्या उघडल्या तुम्ही सांगायचात, कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात कोणीतरी खाल्लेलं नाही.

आपण तेव्हा पडेगावात राहायचो आणि शाळेला सुट्टी असली की मी तुमच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून कॉलेजात यायचे. मी सहावीत असतानाचा तो दिवस. तुम्ही पत्र्याचे ट्रे धुताय. त्यांच्या लघवीचा पांढरा थर ट्रेवर घट्ट बसायचा, तो तुम्ही भिजवलेली चिंच चोळून काढायचात. वर न बघताच तुम्ही म्हणालात, "वखारीतून एक पोतं आण. रंध्याचे छिलके आण बरं का, करवतीखालचं पीठ नको. लई बारीक असतंय, नाकात जातंय त्यांच्या." लाकडाची वखार रस्त्याच्या पलीकडंच होती. पण छिलक्यांचा ढीग मागच्या अंगाला, आणि पोतं आपणच भरायचं. पिठासारख्या भुशाची पोती मात्र दाराशीच तयार उभी होती. त्या दिवशी मैत्रिणीच्या घरी रंगीत टीव्ही येणार होता आणि मला पळायचं होतं. मी तयार पोतं ओढत आणलं. पिंजरे मीच भरले. आणि तुम्हाला दिसू नये म्हणून वरून उरलेल्या जुन्या छिलक्यांचा एक थर पसरला. हे मी परवापरवापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. नुसती चूक झाली असती तर एक वेळ ठीक होतं. मी ती झाकली होती.

आठवडाभरात सात मेले. त्यांतल्या दोघी गाभण होत्या. तुम्ही ट्रे उलटे केलेत तेव्हा खालून ते पिवळं पीठ निघालं आणि तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तेवढ्यात खोलीचे प्रमुख असलेले सर आले. "इतकी वर्षं झाली तुम्हाला, भुसा कळत नाही?" मी दारात पाण्याची बादली धरून उभी. तुम्ही म्हणालात, "चुकलं साहेब. मी बघून घ्यायला पाहिजे होतं." मी एक शब्द बोलले नाही. नाहीतरी ते प्रयोगालाच जाणार होते, असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला समजावत राहिले. तुम्ही घरीही काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी मला वखारीत नेलंत, माझ्या मुठीत छिलके दिलेत आणि म्हणालात, "दाब. आता हात उघड. हाताला पीठ चिकटलं तर नाय घ्यायचं. ओल लागली तरी नाय घ्यायचं. उग्र वास आला तरी नाय." बस. त्याच हातानं मी आता शेंद्र्याच्या एका कारखान्यात आलेला माल तपासते. जरा कमीजास्त दिसलं तर अख्खा ट्रक परत पाठवते. लोक मला कडक बाई म्हणतात.

तुमची नात तेरा वर्षांची आहे. ती भुसा वापरतच नाही. खाली जुने टॉवेल, त्यावर फ्लीसच्या ब्लँकेटचे कापलेले तुकडे; ओल खाली जाते आणि वरचं कापड कोरडं राहतं. रोज ब्रशनं लेंड्या आणि गवत झाडते, दोन-तीन दिवसांनी कापड बदलते. केस अडकून मशीन बिघडेल म्हणून गच्चीवर झटकून हातानं धुते, बिनवासाच्या साबणानं. गेल्या महिन्यात ती शाळेच्या सहलीला चार दिवस गेली आणि हे सगळं माझ्यावर आलं. कामावरून दमून यायचं आणि लेंड्या झाडायच्या. दुसऱ्याच दिवशी मी गारखेड्यातल्या आमच्या घराजवळच्या दुकानातून लिंबाच्या वासाच्या भुशाचं पाकीट आणलं आणि अख्खं ओतलं. ओतताना धूर उठावा तशी धूळ उठली. मी बघितली, बाबा. मूठ दाबून बघावी असं मनातही आलं, आणि मी हात धुवायला गेले. ती यायच्या दिवशी सकाळी सगळं उपसून टाकलं, पिंजरा पुसला, तिचं कापड पुन्हा घातलं.

दोन दिवसांनी पांढरा शिंकायला लागला, डोळे चिकटले, गाजराकडंही बघेना. आणि मी तिलाच रागावले. "कापडात साबण राहतोय तुझ्या. नीट धूत नाहीस तू."

"चार पाण्यांतून काढते गं आई," ती म्हणाली. पण त्या दुपारी ती गच्चीवर बसून सहा पाण्यांतून काढत होती. मी जिन्यातून बघितलं आणि खाली आले.

जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "खाली काय घालता?" माझ्या आधी ती बोलली. "फ्लीस. पण माझ्याकडूनच साबण राहिला असेल. माझी चूक आहे." तिचा आवाज अगदी सरळ होता, रडका नाही. मी म्हणाले, "नाही डॉक्टर, तिचं काही चुकलेलं नाही. मी वासाचा भुसा घातला होता. दोन-तीन दिवस."

परत येताना स्कूटरवर ती मागं बसली, पण मला धरून बसली नाही. सिग्नलला तिनं विचारलं, "मग मला का ओरडलीस?" मी तिला वखार सांगितली, पोतं सांगितलं, वरचा छिलक्यांचा थर सांगितला, तुम्ही सरांना काय म्हणालात ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. घर जवळ आलं तेव्हा तिचा हात माझ्या खांद्यावर होता. तोल जाऊ नये म्हणूनही असेल.

औषध चालू आहे. काल त्यानं कोथिंबीर ओढून घेतली, आज सकाळी दोनदाच शिंकला. वाचेल, डॉक्टर म्हणतात. मी आत्ता पुन्हा जाऊन आले.

हे कुठं पाठवायचं नाहीच, तेव्हा एवढंही लिहून टाकते. स्कूटरवरून उतरताना तिनं विचारलं होतं, "तेव्हा किती मेले गं?"

मी म्हणाले, "एक."