कुंकवाखालचं तिकीट

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, दसरा

सहा महिने एक अक्षर नाही. मागच्या पानावर ‘आता रोज लिहीन’ असं ठसठशीत लिहून ठेवलंय, तारीख मार्चची. माफ कर. कारण आळस. (आळस म्हणणंही पूर्ण खरं नाही. स्वतःचाच कंटाळा आला होता.)

आज संध्याकाळी मीनाक्षीकाकूंकडे दसरा. काकू ब्याऐंशीच्या, आमच्यापासून चार घरं पलीकडे मुलगा गिरीश आणि नात उर्वी यांच्याबरोबर राहतात. चाळीस वर्षं भूलतज्ज्ञ होत्या. त्यांच्याकडची शस्त्रपूजा म्हणजे पाटावर स्टेथोस्कोप, रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र, गिरीशचा लॅपटॉप आणि मधोमध पणजीची डिग्री.

ही डिग्री अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या पार्सिपनी गावातल्या मराठी लोकांना ठाऊक आहे. काकूंच्या वडिलांची आजी, सगुणाबाई, १८९१ साली बोटीने अमेरिकेत आली, डॉक्टर झाली, अकोल्याला परत जाऊन पंचवीस वर्षं बायकांवर उपचार केले. तिची डिग्री छोट्या फ्रेममध्ये आहे. दर दसऱ्याला काचेवर हळदकुंकू. काच पुसायची नाही, हा काकूंच्या वडिलांचा नियम. त्यामुळे मधल्या ओळींवर कुंकवाचा चांगला थर. वर नक्षीदार अक्षरं, खाली कुणा प्रोफेसरची सही, एवढंच दिसतं.

पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून काकूंना सगळीकडे मळ दिसतो. “प्रीता, पूस गं ती काच. बाबा काय वरून बघायला येतात की काय.”

पुसली. वाचलं. ती डिग्री नाही.

शरीररचनेच्या व्याख्यानांना बसायचं तिकीट आहे. हिवाळी सत्र १८९१–९२, क्रमांक चौदा, श्रीमती सगुणाबाई यांस प्रवेश द्यावा. पोस्टकार्डाएवढं. तेव्हा विद्यार्थ्यांना प्रत्येक विषयाचं असं तिकीट घ्यावं लागायचं म्हणे.

काकूंनी चष्मा लावला नव्हता. “झालं का लख्ख?” “झालं, काकू.” आणि मी घाईघाईने मोठ्ठं कुंकू लावलं. बरोबर त्याच ओळीवर.

३ ऑक्टोबर

मी असं का केलं?

५ ऑक्टोबर, रविवार

नवऱ्याला, यतीनला, सांगितलं. तो पोहे खात होता. “मग काय झालं? तिकीट आहे म्हणून डिग्री नव्हती असं थोडंच. माझं कॉलेजचं आयकार्ड आहे आणि डिग्री कुठेय देव जाणे.”

मुद्दा बरोबर आहे. दोन तास हायसं वाटलं.

मग उर्वी आली. बारावीत आहे, डॉक्टरकीच्या लांबलचक कोर्सला थेट प्रवेश हवाय, आणि त्याचा निबंध मी तपासून द्यायचा. (मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळतो, म्हणून शेजारीपाजारी सगळं माझ्याकडेच आणतात.) निबंधाचं पहिलंच वाक्य: १८९४ साली माझ्या आजीची पणजी अमेरिकेत डॉक्टर झाली. शेवटची तारीख एक नोव्हेंबर.

तिकिटावरचं ते कॉलेज कधीच बंद झालंय. त्याची कागदपत्रं एका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत आहेत. तिथे ईमेल केली. माहेरचं नावही कळवलं. लग्नात नाव बदललेलं, कोणत्या नावाने नोंदवली असेल कोण जाणे. काकूंना ते नाव सहज विचारलं. “चिमा,” त्या म्हणाल्या. “कशाला गं?” “उर्वीच्या निबंधाला.” हेही अर्धंच खरं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

लायब्ररीचं उत्तर आलं. तिथल्या बाईंनी फार मनापासून शोधलंय. सगुणाबाई सापडली. पहिलं सत्र हजर. दुसरं सत्र हजर. मार्च १८९३ मध्ये मायदेशी परत. कारण लिहिलेलं नाही. १८९४ च्या पदवीधरांच्या यादीत ती नाही, पुढच्या दहा वर्षांच्याही नाही. दोन्ही नावांनी बघितलं.

तीन वर्षांचा कोर्स. दोन वर्षं करून गेली.

पुढची पंचवीस वर्षं अकोल्यात दारावर ‘डॉक्टर’ अशी पाटी. हे काय समजायचं? तिथे तेव्हा दुसरं कोण होतं बाळंतिणींना? की प्रत्येक वेळी ‘आपल्याला तिसऱ्या वर्षाचं येत नाही’ हे तिला टोचत असेल? मी तिला दोष देतेय की तिची बाजू घेतेय, तेच मला कळत नाहीये.

१५ ऑक्टोबर

यतीन: “दिवाळी होऊ दे, मग सांग.” दिवाळी होऊ देते.

१८ ऑक्टोबर, शनिवार

काकूंकडे चकल्या. त्या सोऱ्या फिरवत होत्या, मी तळत होते, उर्वी ओट्यावर बसून कच्चं पीठ खात होती.

मी म्हटलं, “उर्वी, ते पहिलं वाक्य थोडं मवाळ करू या का? ‘शिकायला आली’ असं?”

“नो वे, मावशी. दॅट्स माय होल एसे.”

“मवाळ कशाला?” काकू म्हणाल्या. “पोरी, चारचौघात सांगण्यासारखं आपल्याकडे तेवढंच एक आहे. बाकी तुझे आजोबा लोणच्याच्या बरण्या फोडण्यात प्रसिद्ध होते.”

माझी चकली तुटली. तेल फार तापलंय, असं म्हणाले.

रात्रीच्या जेवणाला यतीनला सांगितलं की सांगायला गेले आणि जमलं नाही. तो म्हणाला, “तुला हे इतकं का लागलंय, ते मी विचारत नाही.”

नकोच विचारू.

२२ ऑक्टोबर

दोन पर्याय. गप्प बसले, तर एका सतरा वर्षांच्या मुलीच्या अर्जात खोटं जाईल, आणि ते फक्त मला माहीत असेल. सांगितलं, तर काकूंच्या पाटावरून पणजी उठेल. तिसरा पर्याय आठ दिवस शोधतेय. नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सांगितलं.

सकाळी गेले. गिरीश उर्वीला घेऊन ड्रायव्हिंगच्या सरावाला गेला होता. लायब्ररीची ईमेल मोठ्या अक्षरांत छापून नेली होती. काकूंनी दोनदा वाचली. मग फ्रेम मागितली, पदराने काच पुसली आणि तीही वाचली. मी बोलत सुटले — तरी दोन वर्षं म्हणजे त्या काळात केवढी, थंडी केवढी, जेवणाचे हाल —

“प्रीता, गप्प बस जरा.”

बसले.

फ्रेम मांडीवर पालथी ठेवून म्हणाल्या, “सत्तर साली आले मी. इथे डॉक्टरकी करायची तर परीक्षा द्यावी लागे. पहिल्यांदा नापास. दुसऱ्यांदा नापास. बॅग भरली होती गं. यांना म्हटलं, मी चालले नाशिकला, मला नाही जमत. तेवढ्यात ही आठवली. नऊवारीत, बोटीने येऊन ती पास होते, आणि मी विमानाने येऊन नापास? लाज वाटली. बॅग रिकामी केली.”

“काकू...”

“तिसऱ्यांदा पास झाले. म्हणजे ती घरी गेली, हे मला ठाऊक असतं तर मीही गेले असते.” आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. “बघ की! जी डॉक्टर झालीच नाही, तिला घाबरून मी डॉक्टर झाले.”

मी सॉरी म्हणाले. कशासाठी, ते नीट ठरलं नव्हतं.

“तुला कधी कळलं हे?”

“दसऱ्याला शंका आली.”

“आणि कुंकू फासलंस वर.” ओरडल्या नाहीत. पण चहा विचारला नाही. निघताना म्हणाल्या, “उर्वीला मी सांगेन. तू नको.”

२६ ऑक्टोबर

फोन नाही. बरोबर केलं का? खरं सांगितलं म्हणून बरं वाटतंय की माझ्या डोक्यावरचं ओझं त्यांच्या डोक्यावर गेलं म्हणून?

२८ ऑक्टोबर, मंगळवार

उर्वी दार न वाजवता आत. “मावशी, आय वॉज सो मॅड. इट वॉज अ परफेक्ट ओपनिंग.”

“मग?”

“मग आजीने मला बॅगची स्टोरी सांगितली. शी फेल्ड ट्वाइस! शी नेव्हर टोल्ड मी. मला वाटायचं आपल्या घरात कुणी फेल होतच नाही.” नवा मसुदा पुढे केला. पहिल्या वाक्यात आता काकू आहेत, नेवार्कच्या खोलीत, भरलेल्या बॅगेसमोर. सगुणाबाई तिसऱ्या परिच्छेदात येते, दोन वर्षं शिकते आणि परत जाते. का गेली ते आम्हाला माहीत नाही, असं सरळ लिहिलंय.

दोन स्वल्पविराम बदलले. बाकी हात लावला नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

अर्ज गेला. काकूंनी इडल्यांना बोलावलं. भरपूर वाढलं, म्हणजे राग गेला. फ्रेम हॉलमध्ये लावलीय, काच लख्ख. येणाऱ्या प्रत्येकाला त्या स्वतःच सांगतात, “तिकीट आहे हो. डिग्री माझी, ती आत कपाटात आहे.”

निघताना माझा हात धरला. “तुझं बरंय बाई. उशिरा का होईना, खरं ते खरं.”

२ नोव्हेंबर, रविवार

आज हिवाळ्यासाठी इथली सगळी घड्याळं एक तास मागे गेली. तो जास्तीचा तास नुसती बसून होते.

माझं इथलं कॉम्प्युटरचं एम.एस. झालेलं नाही. तिसऱ्या सेमिस्टरला सोडलं, एकोणीस वर्षं झाली. ऑफिसच्या फॉर्मवर नेहमी खरं लिहिलंय. पण सांगलीत आईने पेढे वाटले, तेव्हा फोनवर मी ‘थँक यू’ म्हणाले. अजूनही ती लोकांना ‘आमची प्रीता, एम.एस., अमेरिका’ अशीच ओळख करून देते. यतीन सोडून कुणाला माहीत नाही. या वहीतही कधी लिहिलं नव्हतं.

उद्या: सकाळी आठला (तिकडे संध्याकाळचे साडेसहा) आईला फोन, तिची मालिका सुरू व्हायच्या आत.