टेकडी कुणाला विचारून सपाट केलीस?

प्रिय रॉस,

'प्रिय' लिहिलंय ते शाळेपासूनच्या सवयीनं, माझा राग गेलाय असं समजू नकोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. 'किटली उकळतेय, नोलीन' म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. यात तरी तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

आधी सभेचं. डॅरिल क्वास्ट अध्यक्ष झाल्यापासून त्याच्या डोक्यात एकच खूळ आहे. रेल्वे क्लबातल्या सगळ्यांनी कंप्युटरच्या पडद्यावर उभारलेल्या आपापल्या रेल्वे नव्या एडिटरमध्ये, म्हणजे त्या उभारायच्या नव्या प्रोग्रॅममध्ये न्यायच्या, जुन्या एडिटरमधलं काम प्रदर्शनात ठेवायचंच नाही. मतदान होणार हे मला माहीत होतं, तरी मी सॉसेज रोलचं ताट घेऊन निर्धास्त आले, कारण तू माझ्या बाजूचा होतास. हात समसमान झाले, तुझाच तेवढा राहिला होता. डॅरिलनं तुझ्याकडे पाहिलं आणि तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "नव्याला." वर पुन्हा, "नोलीन थोडे दिवस फुगून बसेल, मग येईल वळणावर." सगळे हसले. मी काय हट्टी घोडी आहे, वळणावर यायला? तुझा विचार बदलला होता तर आदल्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगता आलं असतं. मी आरडाओरडा केला असता, पण निदान घरात केला असता.

मला नव्याचं वावडं आहे असं तू सगळ्यांना सांगत फिरतोस. खोटं आहे ते. मला जुना एडिटर आवडतो कारण त्यात प्रत्येक कामाचा कप्पा वेगळा आहे. रूळ टाकायचे तर रुळांचा कप्पा, झाडं लावायची तर झाडांचा. जमीन उचलायची तर एकेक टोक धरून उचलायची. वेळ लागतो, पण लावलेलं प्रत्येक झाड आपण लावलेलं असतं. नव्यात एक ब्रश हातात देतात, तो फिरवला की गव्हाची शेतं पसरतात. एक वाडी उचलायची आणि शिक्का मारल्यासारखी दहा ठिकाणी उमटवायची. आणि एकदा का रेल्वे नव्यात नेऊन ठेवली की ती जुन्यात परत उघडत नाही. परतीचा रस्ताच नाही त्याला. असलं काम जोडीदाराला न विचारता करतात का?

विलूरा जंक्शन ते पोर्ट केरी ही आपली लाइन सरकारनं उखडली तेव्हा क्लॅरी तीन दिवस जेवला नव्हता. इंजिन ड्रायव्हरची बायको म्हणून मी ते पाहिलंय. पुढे तूच एका रविवारी कंप्युटरवर रेल्वे उभारायची ती सीडी घेऊन आलास आणि म्हणालास, "त्यांनी उखडली ना? आपण पुन्हा टाकू." माझा विश्वास बसला नव्हता. मग ती विलूराची पाण्याची टाकी पडद्यावर उभी राहिली आणि क्लॅरी खुर्ची ओढून जवळ येऊन बसला. तेव्हापासून आपण एकेक स्टेशन करत पुढे सरकत होतो. मालधक्का नीट झाल्याशिवाय पुढचा रूळ टाकायचा नाही, हा नियम तुझाच. विलूराच्या फलाटाच्या कुंपणात एक फळी कमी पडली म्हणून तू मला अख्खं कुंपण पुन्हा लावायला लावलं होतंस. मी शिव्या घातल्या आणि लावलं. कारण तुझं बरोबर होतं.

आणि त्याच माणसानं आता काय करून ठेवलंय? परवा डॅरिलकडून तू नव्यात नेलेली आपली रेल्वे घेतली आणि उघडली. लाइनीलगतच्या लिंडनरच्या शेतामागची टेकडी गेली! उपग्रहाच्या मोजमापानुसार तिथे नुसता उंचवटा आहे म्हणून तू ती सपाट केलीस. रॉस, ती टेकडी क्लॅरीची होती. त्याच्या शेवटच्या हिवाळ्यात गुडघ्यावर पांघरूण घेऊन तो पडद्यावर तिथे गाडी चालवायचा आणि म्हणायचा, "अजून थोडी चढव, नोली, इथे चाकं घसरायची." मी एकेक टोक उचलत गेले, तो दुपारभर गाडी मागे घेऊन पुन्हा चढवत राहिला. आमचं मोजमाप चुकलेलं असेल, मला मान्य आहे. त्याचं इंजिन जुनं होतं, गव्हाच्या वाघिणी जड होत्या, त्याला साधा उंचवटाही डोंगर वाटला असेल. पण ती चूक क्लॅरीची आहे. ती काढायचा हक्क तुला नव्हता.

बाकीचं पाहून तर मला रडावं की ओरडावं कळेना. टेकडीपुढचे सगळे मैल तू एका झपाट्यात उरकलेस. निलगिरीचं एकच झाड फिरवून फिरवून सगळीकडे लावलंयस. लिंडनरचं घर चार वेळा उमटवलंयस, एका घरावर तर पवनचक्की उगवलीय. हे काम तुझं नव्हे. एका फळीसाठी माझा जीव खाणारा माणूस असं भोंगळ काम करतोच कसा? मी तुला फोन लावला. भर दुपारी तो तुझ्या लीअ‍ॅननं उचलला. बाबा झोपलेत म्हणाली. मला वाटलं टाळतोयस. सभेला तिनंच तुला गाडीतून आणलं होतं, त्याचाही मी तेव्हा वेगळाच अर्थ लावला. म्हातारपणी मुलीकडून हौस भागवून घेतोय म्हटलं. तुझा कोट खांद्यावर लोंबत होता, माझ्या सॉसेज रोलला तू हात लावला नाहीस. मला वाटलं तुझं मन तुला खातंय. मनातल्या मनात म्हटलं, खाऊ दे.

काल लीअ‍ॅन इथे आली होती. तुला न सांगता आली होती, तेव्हा तिला बोलायचं नाही. तिनं अ‍ॅडलेडच्या हॉस्पिटलचं सगळं सांगितलं. फुप्फुसाचं सांगितलं, आणि डॉक्टर पुढच्या उन्हाळ्याबद्दल बोलायचं कसं टाळतात तेही. मी तिला विचारलं, मग या अवस्थेत तो मतदानात कशाला पडला? ती म्हणाली, "बाबांना पोर्ट केरीला पोहोचायचंय, काकी. जुन्यात पोहोचणं होणार नाही म्हणाले." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पोर्ट केरीच्या स्टेशन मास्तरचं ते बंदराच्या धक्क्याजवळचं घर, जिथे तू जन्मलास. दर वेळी तूच म्हणायचास, माझं स्टेशन शेवटी, घाई काय आहे. मी माझं स्टेशन केलं, क्लॅरीची इंजिन शेड केली, लिंडनरची मेंढरंसुद्धा मोजून लावली आणि तू रांगेत मागे उभा राहिलास. आणि एका शब्दानं मला सांगितलं नाहीस! टेकडीचा राग आहेच, पण याच्यापुढे तो काहीच नाही. तुला काय वाटलं, हे कळलं असतं तरी मी जुन्या कप्प्यांसाठी भांडत बसले असते? मी सकाळीच नवा एडिटर टाकून घेतलाय. ब्रश अजून माझं ऐकत नाही, सकाळी अख्ख्या समुद्रात गहू पेरून बसले. पण शिकेन. सोमवारी मी कंप्युटर घेऊन तुझ्याकडे येतेय, लीअ‍ॅनच्या जुन्या खोलीत राहीन. आता उलटं करायचं. आधी पोर्ट केरी, मग जमेल तेवढं मागे टेकडीकडे. तू पलंगावरून सांगायचं, मी करायचं. दूरची शेतं खुशाल ब्रशनं उरकू, पण तुझं घर, तुझ्या आईचा व्हरांडा आणि धक्क्यापर्यंतचा रूळ मी हातानं, एकेक करून लावणार आहे. तेव्हा घाई करायची नाही, दमलो म्हणून खोटंही बोलायचं नाही. मी तुझ्यावर अजून रागावलेलीच आहे, रॉस. माझा राग किती सावकाश उतरतो ते तुला माहीत आहे. तो उतरेपर्यंत कुठे जायचं नाही.

तुझीच, भांडायला येत असलेली,
नोलीन