उन्हाची खोली

२ डिसेंबर

आलो एकदाचे! सामान अजून खोक्यांतच आहे, पण ही वही वरच्या वर ठेवली होती, म्हणून लगेच सापडली. गाव छान आहे आणि थंडी भयंकर आहे. स्टेशनवर उतरल्या उतरल्या आई म्हणाली, की एवढा बर्फ तिने फक्त फ्रिजमध्ये पाहिलाय, तोही कित्येक महिने साफ न केलेल्या. हमाल हसला. आईला कुठेही नेलं तरी दहा मिनिटांत तिला एक तरी प्रेक्षक मिळतोच.

घर दोन खोल्यांचं, लॉन्ड्रीच्या वर. खालच्या यंत्रांची वाफ पाइपातून वर येते, त्यामुळे न्हाणीघराची भिंत कोमट लागते. आईने आपली खुर्ची तिथेच न्यायचं जाहीर केलं. मी विचारलं, न्हाणीघरात बसून पेपर वाचणार का, तर म्हणाली, तुझे वडील जन्मभर दुसरं काय करत होते?

नोकरी प्रवासी कंपनीत आहे. कंपनी एकच गोष्ट विकते: भर हिवाळ्यात चार दिवस उबदार समुद्रकिनारा. आणि नव्या माणसाला पहिल्याच हिवाळ्यात, घरच्या एका माणसासह, ही सहल फुकट. मी पगार विचारायचंसुद्धा विसरले होते. आईने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. बाबा दर वर्षी नेतो म्हणायचे आणि दर वर्षी काहीतरी निघायचं. आता बाबा नाहीत, आणि तिच्या बोटांचे सांधे थंडीत असे आखडतात की बटणं मला लावून द्यावी लागतात. यंदा तिला मी नेणार. काहीही झालं तरी.

४ डिसेंबर

ऑफिस लहान आहे. पुढे तीन टेबलं, भिंतीभर निळ्या पाण्याचे फोटो. मालकीणबाई उंच, सावकाश बोलणाऱ्या, आणि या थंडीत बिनबाह्यांच्या पातळ पोशाखात. हात मिळवला तर बर्फासारखा गार. शेजारच्या टेबलावरचे काका नाकापर्यंत गुंडाळलेले असतात, म्हणून मी त्यांचं नाव मफलरकाका ठेवलं. त्यांना आवडलंही.

खरी गंमत मागे आहे. तिथे एक खोली आहे, जमिनीवर वाळू पसरलेली, छताला पिवळे दिवे, भिंतीवर समुद्राचं चित्र आणि दोन आरामखुर्च्या. गिऱ्हाईक का-कू करायला लागलं की त्याला तिथे थोडा वेळ बसवायचं. बसलेला माणूस बुकिंग केल्याशिवाय गेलेला नाही म्हणे. मालकीणबाईंनी मलाही बसवलं, विकायची गोष्ट आपण आधी चाखावी म्हणून. काय सांगू! पाठीवर ऊन, कपाळाला घाम, डोळे आपोआप मिटले. बाहेर आले तर स्वेटर आतच राहिला होता आणि मला पत्ताच नव्हता.

९ डिसेंबर

एक निवृत्त मुख्याध्यापिका आज पुन्हा आल्या. आता तिसऱ्यांदा खोलीत बसून गेल्या. पहिल्या दिवशी मुलांना दटावावं तसं मला दटावत होत्या, आज अगदी मवाळ. जाताना कोट विसरल्या. मी हाका मारत रस्त्यावर गेले, तर म्हणाल्या, राहू दे गं, उकडतंय.

घरी आमची सहलीची बैठक रोज भरते. मी कागदावर दिवस मांडते आणि आई ते खोडते. विमानाची भीती वाटते. पाण्यात उतरायचं तर या वयात कसले कपडे घालायचे. गुडघे वाळूत रुततील. कुंडीतल्या झाडाला पाणी कोण घालणार. मी हात टेकले. खरं कारण मला ठाऊक आहे. इतकी वर्षं वाट पाहिल्यावर समुद्र आवडलाच नाही तर, याची तिला धास्ती आहे. शनिवारी तिला ऑफिसात नेते आणि त्या खोलीत बसवते. मग बघू कशी नाही म्हणते ते.

मलाही इथली हवा मानवली म्हणायची. हातमोजे घरीच राहतात हल्ली.

१३ डिसेंबर

जमलं! आई खोलीत बसली ती उठेचना. मी दोनदा डोकावले, तर डोळे मिटून हसत होती. बाहेर आली ती गाल गुलाबी घेऊन, आणि तिची बोटं, वाकडी झालेली बोटं, सरळ! घरी येताना कोट हातावर टाकून चालत होती, एखाद्या मुलीसारखी. स्वतःहून म्हणाली की तिकिटं काढ.

बावीस तारखेचं विमान मिळालं. मी जिन्यातच रडले. आनंदाने रडायची सवय राहिली नव्हती.

१६ डिसेंबर

मुख्याध्यापिका गेल्या.

बागेतल्या बाकावर सापडल्या. बेकरीवाल्याने सकाळी पाहिलं. अंगात पातळ झगा, बूट काढून शेजारी नीट जोडून ठेवलेले, पाय लांब केलेले, मान मागे टाकलेली. ऊन खात बसावं तसं. बेकरीवाला सांगत होता की तोंडावर हसू होतं आणि पापण्यांवर बर्फ.

मालकीणबाई म्हणाल्या, वय झालं होतं. मफलरकाकांनी दिवसभर माझ्याकडे पाहिलंही नाही.

१७ डिसेंबर

खोलीतला एक दिवा लुकलुकत होता, म्हणून मी वीजतंत्र्याला बोलावलं. तो आत गेला आणि लगेच हात चोळत बाहेर आला. म्हणाला, या शीतगृहात लोकांना कशाला बसवता? मी म्हटलं, आत हीटर आहे. त्याने मला नेऊन दाखवलं. हीटरची तार फार पूर्वीच कापलेली आहे. मागच्या भिंतीला झरोका आहे, तो कायम उघडा. कोपऱ्यातलं ओलं फडकं गोठून जमिनीला चिकटलं होतं. मी ओढलं तर करकर वाजलं.

आणि तरीही माझ्या गालावर ऊन पडलं होतं. आत्ता लिहितानाही पडलंय.

तो गेल्यावर काकांना गाठलं. ते खाली बघत म्हणाले की ते रोज ती खोली झाडतात आणि त्यांना ती नेहमी थंडगारच लागते, कारण ते त्या खुर्चीत कधी बसलेले नाहीत. बसलं की ऊन लागतं. लागलं की सुटत नाही. मला आधी का नाही सांगितलं, असं मी ओरडले. ते म्हणाले, सांगितलं असतं तर तू हसली असतीस.

हसले असते.

१८ डिसेंबर

काका आले नाहीत. टेबल रिकामं आहे.

मालकीणबाईंना विचारलं. त्या रागावल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, लोकांना समुद्र नको असतो, ऊब हवी असते, ती आपण देतो. थंडीने मेलेला एकही माणूस त्यांना ठाऊक नाही म्हणे, सगळे उन्हात गेले. मी नोकरी सोडते म्हटलं. त्यांनी हसून मान डोलावली. तिकिटं तुझीच आहेत, जाऊन ये, म्हणाल्या.

घरी पोचले तर खिडक्या सताड उघड्या. आई परकरावर, जमिनीवर पाय पसरून. केसांत बर्फाचा भुगा. केवढा छान वारा सुटलाय, म्हणाली.

१९ डिसेंबर

डॉक्टरांकडे नेलं. थर्मामीटर बदलून पाहिला, परत बदलला. मग त्यांनी आईच्या पायाला हात लावला आणि मला वाकून बघायला लावलं. पायाची बोटं काळपट झालीत. दुखतं का विचारलं तर आई म्हणाली, वाळू जरा तापलीय, एवढंच. दवाखान्यात ठेवा म्हणाले. आईने साफ नकार दिला. समुद्रावर जायचंय, आता नाही गेले तर कधी, म्हणाली.

बाबांना ती कधी असं म्हणाली नव्हती.

मी खूप विचार केला. खोटं ऊन लागलंय, तर खरं ऊन ते उतरवेल. तिथे खरी ऊब आहे. तीन दिवस काढायचे. फक्त तीन दिवस तिला झाकून ठेवायचं. माझं सोडा, मी एकदाच बसले होते, तेही जरासंच.

मीच तिला त्या खोलीत नेलं. हाताला धरून मीच खुर्चीत बसवलं.

२० डिसेंबर

दाराला कुलूप. खिडक्या दोरीने बांधल्या. तिला तीन रजया. ती फेकते, मी घालते. ती फेकते —

गंमत करते मधेच. म्हणाली, असं गुंडाळायचंच होतं तर मला सरळ लोणच्याच्या बरणीत घालायचं होतंस. मी हसले आणि मग फार रडू आलं. डोळ्यांतलं पाणी गालावर कडक झालं. खोलीत एवढी थंडी आहे का? मला तर कळतच —

२१ डिसेंबर

रात्रभर तिचा हात धरून होते. गार आहे की नाही, सांगता येत नाही. आधी सांगता येत होतं.

बेकरीवाल्याची बायकोही गेली. अंगणात. ती कधी येऊन बसली होती खोलीत, आठवत नाही —

बॅग भरली. आईने टोपी मागितली, मोठ्या काठाची. तीच घालून बसलीय.

फक्त उद्या.

२२ डिसेंबर

बसथांब्यावर. विमानतळाची बस उशिरा आहे, बर्फामुळे. थांब्यावर आम्ही दोघीच. आईला कोट, त्यावर शाल, त्यावर माझा कोट. सगळी बटणं मी लावलीत. लक्ष ठेवून आहे. डोळा लागू द्यायचा नाही, म्हणून लिहिते.

आई म्हणते, आलो का? नाही म्हटलं. म्हणते, मग हा आवाज कसला? मलाही येतोय. वाहनांचा असेल —

बस नाही अजून. आईला फार घाम येतोय. दम लागतोय तिला एवढ्या कपड्यांत. फक्त वरचा काढला. फक्त शाल —

झोपली. माझ्या खांद्यावर. बरं झालं, किती दिवसांनी शांत झोपली. कोटही काढला तिचा, घुसमटत होती बिचारी. स्वेटर. मोजे. माझेही. पायाखाली किती मऊ, पांढरं. बोटं वळत नाहीत, पेन सारखं पडतं — असू दे. तिला उठवत नाही. उठली की दाखवेन, आई, बघ, आलो, मी म्हटलं होतं ना, काहीही झालं तरी —

पलीकडून कोणीतरी पळत येतोय. हातवारे करतोय, ओरडतोय आमच्याकडे बघून. नाकापर्यंत मफलर गुंडाळलाय. वेडाच दिसतो. एवढ्या उन्हात कशाला