सावलीत बसलेल्यांचं शिबिर

अहो,

ज्यांना गावात टँकर आणता आला नाही, त्यांनी गावाला सूर्य बघत बसवलं. तुमच्या दूध सोसायटीच्या चेअरमनसाहेबांचंच बोलते मी.

तुमच्या आईला, आत्याबाईंना घेऊन बीडला डोळ्याच्या दवाखान्यात चालले. सकाळी मी समोर उभी असताना त्या म्हणाल्या, "गीते, तुझं तोंड का दिसंना गं?" नजरेच्या मधोमध काळा डाग आलाय.

आत्याबाई जन्मभर सूर्याला पाणी देत आल्या. पण तांब्याच्या पडत्या धारेतून क्षणभर बघायच्या, अन् डोळे मिटून हात जोडायच्या. औंदा तांब्याला पाणी न्हाई, तर चेअरमननी शिबिराला आणलेला तुमचा महाराज म्हणाला, "पाणी कशाला? उघड्या डोळ्यांनी बघा, दुखणी जातील." दूध सोसायटीच्या अंगणात त्या आठ दिवस अर्धा-अर्धा तास बघत बसल्या. शिबिराच्या यादीत त्यांचं नाव तुम्हीच लिहिलं होतं.

भाकरी दुरडीत आहे. टँकर आलाच तर आधी रांजण भरा.

चेअरमन मंडपाच्या सावलीत काळा चष्मा लावून बसले होते, अन् तुम्ही त्यांच्या शेजारी, सूर्याकडं पाठ करून. तुम्ही का न्हाई बघितलं? संध्याकाळी आम्ही आलो की सांगा. मला नको, आईला सांगा.

गीता